मी पाणी विंचरते

मी फणी बोलतेय. केस विंचरायची नव्हे, पाणी विंचरायची. अल्जीरियाच्या वाळवंटात, आमच्या गावाच्या तोंडाशी मी दगडाची आडवी बसलेय. जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी येतं, माझ्या खाचांतून फुटतं आणि ज्याच्या-त्याच्या बागेत जातं. ज्याची खाच जेवढी रुंद, तेवढा त्याचा वाटा.

माझ्या खाचा वारशात जातात, मेहेरातही, म्हणजे लग्नात नवरीला द्यायच्या हक्काच्या देण्यात. यमना लग्न होऊन आली, तेव्हा सासरच्यांनी तिला बोटभर खाच दिली. पाणी मोजणाऱ्या हाज बरकांनी चार माणसांदेखत खाचेतली माती काढली. यमना माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्याकडे नंतर बघितलं.

त्याच वर्षी तिच्या दिरानं, बूजमानं, सरकारी योजनेतून सौरपंप आणला. बोगद्याच्या वरच्या अंगाला विंधण विहीर घेतली आणि नळी थेट आपल्या खजुरांत सोडली. ऊन फुकट, मग पंप बंद कोण करतो? पाणी आळी भरून वाळूत जायचं. इकडे माझ्या अंगावरचं पाणी सुतासारखं झालं. यमनाचा जव पिवळा पडला.

"वहिनी, ही फणी आता संग्रहालयात देऊ," बूजमा हसून म्हणाला.

"द्या. मलाही शेजारी बसवा," यमना म्हणाली. "माझं मेहेर तिच्यातच आहे."

माझ्यापाशी परात धुणारी सासू म्हणाली, "लग्नापासून गप्प होती पोर. बोलली ती अशी."

शुक्रवारच्या नमाजानंतर माणसं माझ्याभोवती जमली. हाज बरकांनी बूजमाला विचारलं, "सुनेला मेहेर दिलंत आणि मागच्या दारानं परत नेलंत होय रे?"

बूजमाची मान खाली गेली. "मी कुठं नेलं? मी पंप लावला."

"मग पंपाचं पाणीही फणीवरून जाऊ द्या, भाऊजी," यमना म्हणाली. "ऊन काय एकट्या तुमच्या गच्चीवर पडतं?"

"आणि पंप बिघडला तर?"

"ज्याची खाच जेवढी, त्याचा खर्च तेवढा. बोगदा साफ करतो तसंच."

हाज बरकांनी माझ्या अंगावर एक रेघ ओढली. पाणी तिच्याखाली गेलं तरच पंप लावायचा. पंप गावाच्या नावावर करायचं ठरलं, पण सरकारी कचेरी अडून बसली. पंप एकाच्याच नावावर ठेवायचा नियम होता. हाज बरकांनी तिथल्या साहेबांना माझ्याजवळ बसवून आमच्या रिवाजाप्रमाणे चहाचे तिन्ही पेले पाजले, तोवर पाणी कसं वाटलं जातं ते दाखवलं. पंप गावाच्या नावावर झाला. पुढच्या वर्षी नियमही बदलला. आता शेजारच्या गावांनाही पंप मिळतो तो सगळ्या वाटेकऱ्यांच्या नावानं.

जव पुन्हा हिरवा झालाय. सकाळी बूजमा येतो.

"वहिनी, आज लावू का पंप?"

"मला काय विचारता? रेघ बघा."

तो वाकून बघतो. बहुतेकदा तसाच परत जातो, पुटपुटत.

मी म्हातारी आहे, पण माझे दात शाबूत आहेत. वारा सुटला की त्यांत वाळू अडकते, एवढंच. यमना येते, बोटानं एकेक खाच मोकळी करते. स्वतःची सगळ्यांत शेवटी. तुम्हीही येता-जाता बोट फिरवा. सुरुवात स्वतःच्या खाचेपासून केलीत तरी माझी हरकत नाही. फक्त तिथंच थांबू नका.