रोज एक पान

गोळी बोटाला चिकटून बसली होती. शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी, कडेला भुगा होत चाललेली... काचघरातल्या लेट्यूसची पानं, त्या पानांत मुद्दाम घातलेला हगवणीच्या जंतूचा एक निरुपद्रवी अंश, आणि तिची स्वतःची चांगली उमेदीची वर्षं, सगळं त्या बटणात कुटून बसवलेलं. सुई नको, फ्रीज नको, नर्स नको. कुणालाही परवडेल अशी लस. तिनं बोट झटकलं, गोळी पडेना.

‘रोज एक पान’ ही प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, सरांची घोषणा. आईनं जेवताना मुलाला रोज एक गोळी द्यायची, की झालं. दुपारी समिती येणार होती. समितीनं होकार दिला की वस्तीतल्या मुलांना सुरुवात.

आणि पिंजऱ्यांची ती शेवटची रांग... ज्या उंदरांना मोठा डोस देऊन मध्ये खंड ठेवला होता, त्यांचं रक्त लढायला सज्ज झालं होतं. शेवटच्या रांगेत ज्यांना रोज थोडं थोडं दिलं, त्यांच्या रक्तात काहीच नव्हतं. नुसतं काहीच नाही असंही नव्हे — त्या जंतूचं खरं विष दिल्यावर ते लस न दिलेल्यांच्याही आधी आडवे झाले. पोट मोठं भोळं असतं. तोंडावाटे, रोज, जरा जरा आलेलं ते घरचं समजतं, आणि घरच्यांशी कोण भांडतं? पुस्तकात या प्रकाराला भारदस्त नाव होतं. ती आपली मनात म्हणायची, अंगवळणी पडलं.

सकाळीच तिनं सरांना ते आकडे दाखवले होते. सरांना माघारी सगळे ‘मधाचं बोट’ म्हणत. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला, तिच्यासाठी खुर्ची ओढली, उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे प्रेमानं समजावलं आणि म्हणाले, “ती रांग आज दाखवायला नको. बाहेरच्यांना कशाला गोंधळात टाकायचं? तू काय, घरचीच आहेस.”

“हो सर.”

हे कोण म्हणालं? जिना चढताना तर तिनं ‘नाही’ घोकलं होतं — आणि तोंड उघडलं तर आत ‘हो’ तयार. सासूबाईही पाहुण्यांसमोर कौतुकानं म्हणत, हिचं काय, घरचीच आहे. मग मोडक्या पाठीची खुर्ची तिला, गार झालेला चहा तिला, आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे. वाईट कुणीच नव्हतं, तीच तर पंचाईत. कुणी एकदाच थोबाडीत मारली असती तर मी उठून गेले असते... पण हे असं जरा जरा, गोड करून... मधल्या सुट्टीत तिनं नवऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, सरांनी आजवर तुला काय कमी केलंय? खरंच होतं, काही कमी केलं नव्हतं. फोन ठेवून ती आपला राग शोधू लागली. चष्मा शोधावा तसा इथे तिथे चाचपला, आणि तो कुठेच नव्हता. तेव्हा मात्र ती घाबरली.

समितीची खोली गार होती. पडद्यावर तक्ते सरकत होते, शेवटची रांग त्यांत नव्हती, आणि नसल्याची साधी खूणही नव्हती. इतकं सफाईदार काम तिचंच. जेवणाच्या वेळेत तिनंच ते करून दिलं होतं. वस्तीतली आई भरवेल, मूल आ करील, रोज... तिनं टेबलाची कड धरली.

समितीतल्या वयस्कर बालरोगतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं. “रोज दिल्यानं उलटं काही होत नाही ना?”

सर मनमोकळं हसले. “हिलाच विचारा. उंदीर हिनंच सांभाळलेत. आमच्या घरचीच आहे ही.”

सगळे तिच्याकडे वळले. ‘हो’ कधीचाच जिभेवर येऊन बसला होता, शहाण्या मुलासारखा. आणि पोटाच्या तळातून काहीतरी वर उसळलं, आंबट, कडू. तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर घाम आला. तिला मळमळत होतं. भर सभेत, सगळ्यांच्या देखत तिला सरळसरळ मळमळत होतं... आणि ओठ घट्ट मिटून बसलेल्या तिला कितीतरी वर्षांनी वाटलं, आपण अजून जिवंत आहोत.