आठवा कोट

मास्तरांना माणूस लक्षात राहायचा तो खांद्यापासून. चेहरा विसरायचे, नाव तर हमखास विसरायचे, पण कुणाचा उजवा खांदा बोटभर खाली आहे आणि कुणाची मान पुढे आलेली आहे, हे ते दहा वर्षांनीही सांगायचे. कत्तलखान्यासमोर त्यांचं शिवणाचं दुकान होतं. आतल्या बर्फखान्यात वावरायचं तर जाड कोट हवाच, आणि तिथला एकूण एक कोट मास्तरांच्या मशीनखालून गेलेला. सगळे एकाच निळ्या कापडाचे. खुंटीवर टांगले की मालकांचा गोंधळ उडायचा. मास्तर मात्र डोळे मिटून नुसता हात फिरवायचे आणि कोट कुणाचा ते सांगायचे. या कसबाचा त्यांना भारी अभिमान होता.

कत्तलखान्याचा मुकादम म्हणजे मास्तरांचा मेहुणा, बायकोचा सख्खा थोरला भाऊ. माणूस आडदांड, हसरा, आणि नाकावर माशी बसू न देणारा. बहिणीवर त्याचा जीव होता. म्हणूनच की काय, मास्तरांना ‘जावईबापू’ म्हणत तो पाठीत असा धपाटा घालायचा की तोंडातल्या टाचण्या गिळायची वेळ यायची. मास्तर हसायचे. त्याच्यापुढे सगळेच हसायचे. हसत नव्हता तो एकच, काटेवाला.

काटेवाला जनावरांची वजनं करायचा. किरकोळ अंगाचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा, आणि सरळ इतका की त्याचा राग यावा. आजाराने मेलेली जनावरं मुकादम मागच्या दाराने आत घेतो आणि त्यांचं मांस चांगल्यात मिसळतो, हे त्याने वर कळवलं. त्याने कळवलं हे मुकादमाला कळायला दोन दिवसही लागले नाहीत.

ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. भर दुपारी मास्तर शिवलेले एप्रन पोचवायला मागच्या आवारात गेले, तर तिथे मुकादम काटेवाल्याला सांगत होता की काय ते आपण दोघं मिटवून टाकू, बाकी कुणी मध्ये पडणार नाही. भिंतीला टेकून सहा जण उभे होते. तरीही काटेवाल्याने विश्वास ठेवला. त्याने कोट काढला, चष्मा काढून आतल्या खिशात ठेवला आणि कोट मास्तरांपुढे केला.

“मास्तर, जरा धरा. आत चष्मा आहे, सांभाळून.”

मास्तरांनी धरला. मग मुकादमाने आपला कोट काढून त्यांच्या हातावर टाकला. मग भिंतीजवळच्या सहाही जणांनी एकेक करून टाकले. रक्त या कापडातून निघत नाही, हे कत्तलखान्यात कुणाला सांगावं लागत नाही. आठ कोट हातावर घेऊन मास्तर उभे राहिले आणि त्यांनी सगळं पाहिलं.

पहिला फटका मुकादमाने घातला, फाटकाच्या लोखंडी अडसराने, गुडघ्यावर. काटेवाला पडला, तसाच उठला आणि मूठ वळून मारू लागला. पण चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, तो जिथे कुणीच नव्हतं तिथे मारत होता. ते पाहून सातही जण खो खो हसले. मग त्याच्या पोटात लाथा बसल्या. एकाने मांस टांगायच्या आकड्याच्या लाकडी मुठीने त्याचं तोंड फोडलं, दात फरशीवर पडले, त्यांचा बारीक आवाज मास्तरांनी ऐकला. तोंडातून रक्त आणि फेस येत असताना काटेवाल्याने मास्तरांच्या दिशेने एक हात पुढे केला. चष्मा मागत असावा. मास्तर जागचे हलले नाहीत. उलट कोट घसरू नयेत म्हणून त्यांनी ते छातीशी घट्ट आवळले. अडसर डोक्यात बसला तेव्हा कवटी फुटली, तरी मारणं थांबलं नाही. थांबलं ते मारणाऱ्यांचे हात भरून आल्यावर.

आणि मग मास्तरांनी काय करावं? प्रत्येकाला ज्याचा त्याचा कोट दिला. एकही चूक केली नाही. मुकादमाचा तर त्यांनी खांद्यांना धरून उघडला, त्याचे हात बाह्यांत जाईपर्यंत थांबले, आणि मागून खांद्यावरची सुरकुती तळहाताने साफ केली. दुकानात गिऱ्हाइकाला करतात तशीच.

मुकादम मागे वळून म्हणाला, “घाबरू नका जावईबापू. तुमच्या हाताला कुठे रक्त आहे? तुम्ही नुसते कोट धरलेत.”

प्रेत त्यांनी जनावरांच्या कोंडवाड्यात टाकलं आणि त्यावर बैल सोडला. बैलाने तुडवलं, असं सगळ्यांनी सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं. मास्तर एप्रन तिथेच टाकून घरी आले, तेव्हा त्यांच्या हातावर आठवा कोट तसाच होता.

काटेवाल्याच्या बायकोने मात्र बैल मान्य केला नाही. ती एकच विचारत राहिली, की त्यांचा चष्मा कुठे आहे? चष्म्याशिवाय ज्याला न्हाणीत साबण सापडत नव्हता, तो चष्मा काढून कोंडवाड्यात जाईल कशाला? आणि कोट कुठे गेला, बैलाने खाल्ला? पहिल्या वर्षी लोकांनी तिचं ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरलं. तिला दुसरं काम कुणी देईना, म्हणून फादरनी चर्च झाडायला ठेवलं.

त्या चर्चमध्ये संत पौलाचा पुतळा आहे, माणसाएवढा, हातात लाकडी तलवार. मास्तर लहानपणापासून त्याच्यापुढे गुडघे टेकत आले होते आणि त्यांच्या डोक्यात कधी काही शिरलं नव्हतं. पण काटेवाल्याच्या मातीनंतरच्या रविवारी फादरनी पौलाची गोष्ट सांगितली. तो संत व्हायच्या आधी शौल होता, श्रद्धावंतांना घराघरातून ओढून काढायचा. स्तेफनाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, तेव्हा मारणाऱ्यांनी आपले अंगरखे काढून सांभाळायला ठेवले ते याच शौलाच्या पायाशी. पुढे वाटेत त्याच्यावर उजेड कोसळला, तो जमिनीवर पडला, तीन दिवस आंधळा झाला आणि उठला तो वेगळाच माणूस. बाकावर बसलेल्या मास्तरांनी मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. आपल्यासारखाच एक होता, आणि तो तर आज तलवार घेऊन वेदीशेजारी उभा आहे.

तेव्हापासून मास्तर पौलाच्या भजनी लागले. रोज मेणबत्ती, आणि दरवर्षी पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला नवा लाल झगा. कापड मुकादम आणून द्यायचा. म्हणायचा, हा आपल्यासारख्यांचाच संत आहे बघा, आधी मारतो आणि मग पुढच्या बाकावर बसतो. आणि खरोखरच पुढच्या बाकावर जाऊन बसायचा.

आठवा कोट जाळायला मास्तरांचा हात धजला नव्हता. धरा म्हणून दिलेला कोट होता तो. दुकानात ठेवावा तर काजं-बटणं करणारी बायको दिवसभर तिथेच. शेवटी पहिला झगा चढवला त्या शनिवारी, चर्चचं दार लोटून, मास्तरांनी तो कोट पुतळ्याच्या पाठीवर टाकला, गळ्याशी चार टाके घातले आणि वरून झगा घातला. संताचा झगा उचलून कोण बघणार? काटेवाल्याची बायको त्या पुतळ्याच्या पायाशी रोज फडकं मारायची, नवऱ्याच्या चष्म्यापासून दोन हातांवर. हे मास्तरांना दिसायचं. ते मेणबत्ती लावून घरी यायचे आणि जेवायचेसुद्धा.

पाचव्या वर्षी, सणाच्या आदल्या दुपारी, मास्तर पुतळ्याच्या खांद्याचं माप घेत होते. खाली काटेवाल्याची बायको फरशी पुसत होती. एकाएकी ती थांबली.

“मास्तर, तुमची एवढी भक्ती आहे म्हणून विचारते. त्या स्तेफनाला बायको असती तर ती कुणाकडे गेली असती?”

मास्तरांनी टेप गुंडाळली आणि ते म्हणाले की आपल्याला काय ठाऊक.

“मी असते तर दगड मारणाऱ्यांकडे गेले नसते,” ती म्हणाली. “ते तापलेले होते. मी कोट धरणाऱ्याकडे गेले असते. त्याचे हात अडकलेले होते, डोळे मोकळे होते. शेवटी माझा माणूस काय म्हणाला, ते त्यालाच माहीत असणार.”

आणि ती पुन्हा फरशी पुसायला लागली. तिला काही कळलं होतं असं नाही. तिने आपलं इतकी वर्षं त्या पुतळ्याकडे बघून जे मनात साठलं ते बोलून टाकलं.

मास्तर घरी आले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. बोलावं तर मुकादम जिवंत सोडणार नाही. सोडलं तरी तुरुंग चुकत नाही, आणि बायकोचा भाऊ फासावर जाणार. गप्प बसावं तर ती बाई वेडी म्हणूनच मरणार. पौलाला झगे शिवले म्हणजे पौल झालो, असं पाच वर्षं आपण धरून चाललो होतो. पौल तर बोलला होता, भर लोकांत, मान कापली जाईपर्यंत बोलला होता. मास्तरांना आपली स्वतःची शिसारी आली.

सणाच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. पुढच्या बाकावर मुकादम, शेजारी त्याची बहीण, मागे ते सहा जण. झगा दरवर्षी आदल्या दिवशी बदललेला असायचा, यंदा पुतळ्याच्या अंगावर जुनाच होता. प्रार्थनेच्या आधी मास्तर नवा झगा हातात घेऊन पायऱ्या चढले. लोक कौतुकाने बघू लागले. मास्तरांनी कात्री काढून जुन्या झग्याचे टाके उसवले आणि झगा खाली सोडला.

संत पौलाच्या पाठीवर कत्तलखान्याचा निळा कोट होता.

मास्तरांनी तो सोडवला, खाली उतरले आणि वेदीजवळच्या बाजूच्या दाराशी उभ्या असलेल्या काटेवाल्याच्या बायकोपुढे खांद्यांना धरून उघडला. तिने घेतला नाही. सरळ आतल्या खिशात हात घातला आणि चष्मा बाहेर काढला.

“सात जणांनी मारलं,” मास्तर म्हणाले. आवाज चिरका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला. “त्यांचे कोट ज्या क्रमाने घेतले त्या क्रमाने सांगतो. पहिला मुकादम.” मग एकेकाकडे बोट करून त्यांनी सातही दाखवले. “आठवा मी. कोट मी धरले. चष्म्यासाठी त्याने हात पुढे केला आणि मी दिला नाही.”

मुकादमाला यायला किती वेळ लागला? वेदीजवळचं पितळी मेणबत्तीदान त्याने येता येताच उचललं होतं. पहिल्या फटक्यात मास्तरांचं मनगट गेलं, काटेवाल्याचा कोट हातातून गळाला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. दुसरा जबड्यावर बसला. मास्तर खाली पडले, तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि पांढऱ्या फरशीवर पसरली. मुकादमाने त्यांच्या छातीवर पाय दिला, तेव्हा बरगडी मोडली ती मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली. फादर मध्ये पडायला गेले, त्यांना एका कोपराने त्याने बाकावर भिरकावलं. ते सहाही पुढे सरसावले होते आणि चालता चालता कोट काढत होते.

मुकादमाने हात आणखी वर घेतला, पण कोट काखेत अडला. सणाचा कोट होता, मास्तरांनीच अंगाबरोबर बेतलेला. मेणबत्तीदान तोलत त्याने तो एका हाताने खेचून काढला आणि न बघताच बाजूला धरला. बाजूला त्याची बहीण उभी होती.

“धर,” तो म्हणाला.

तिने कोटाकडे पाहिलं. त्याची काजं तिनेच केली होती. मग खाली नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नाही, दादा.”

कोट खाली पडला, रक्तात. मुकादम तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिला. कोट खाली पडू शकतो हे त्याला जणू माहीतच नव्हतं. ते सहा जण हातात कोट घेऊन दोन्हीकडच्या बाकांकडे पाहू लागले. ज्याच्याकडे पाहावं तो हात मागे नेई. बायकांनी नेले, म्हाताऱ्यांनी नेले. सहांतला एक आपला कोट पुन्हा अंगात घालायला लागला, पण त्याला बाहीच सापडेना.

मुकादमाने एकट्याने आणखी एक फटका मारला. त्याच्या पुढच्या फटक्याला मात्र लोकांचे रिकामे हात त्याच्या मनगटावर पडले, आधी दोन, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. मास्तर ते आडवे पडून बघत होते. त्यांचा एक डोळा बंद झाला होता. काटेवाल्याची बायको त्यांना ओलांडून पुढे आली, नवऱ्याचा कोट तिने फरशीवरून उचलला, झटकला, आणि कुणाच्याही हातात न देता स्वतःच्या अंगात घातला.