चादरीचं दुसरं टोक

"आधी हात बघ," मोठ्या बाई सांगायच्या. "पोर काय बोलतंय ते मागाहून. बोलायला सगळ्यांना शिकवलेलंच असतं. हात बघ, आणि मग शिफारसपत्राला बस."

मोठ्या बाई म्हणजे माझ्या आधी या खोलीत बसणाऱ्या. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना पुढे काय शिकायचं, कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, अर्जात स्वतःबद्दल काय लिहायचं ते सांगायचं, आणि शेवटी प्रत्येकाचं शिफारसपत्र लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या वेळी वर्षाला चाळीसेक मुलं असत. एकेकाला समोर बसवून त्या हातात बोथट पेन्सिल द्यायच्या आणि टोक करायला सांगायच्या. कोण घाईनं शिसं मोडतं, कोण भुसा गोळा करून टोपलीत टाकतं, एवढं बघायच्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "एवढं एक पाळ." मी हो म्हटलं.

यंदा एकशे सदतीस मुलं आहेत. पेन्सिलीचं मी तीन वर्षांपूर्वीच सोडलं.

खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. अजून तिला चेंडूच्या रबराचा वास येतो. दोन खुर्च्या, त्यातली मुलांची डुगडुगते. तिच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घालते आणि ती रोज कोणीतरी सरकवतं. त्या आठवड्यात मी एकशे चार निबंध वाचले होते. त्यातले साठ तरी 'लहानपणापासून मला' असे सुरू होत होते. एकानं लिहिलं होतं की त्याला जगातली गरिबी संपवायची आहे, शब्दमर्यादा तीनशे. डोळे इतके शिणले होते की घरी देवापुढे बसलं तरी मिटल्या पापण्यांमागे अर्जाचे चौकोन दिसायचे.

माझे नेम फार मोठे नाहीत. पहाटे उठून जप, शाळेची आठची घंटा होईपर्यंत मौन, आणि कागदावर खोटं लिहायचं नाही. मौनाबद्दल सासूबाई म्हणतात, "नेम हिचा आणि शिक्षा मला. दूध उतू गेलं तरी ही नुसत्या टाळ्या वाजवते." पण या नोकरीत खरा जड जातो तो तिसरा. बाकीच्या शाळा झाडून सगळ्या मुलांना 'अत्यंत कष्टाळू' लिहून मोकळ्या होतात. मी नाही लिहीत. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठा होता.

मंगळवारी कॉलेजचं पत्र आलं. वस्त्रतंत्राचं कॉलेज, जागा तीस. आमच्या शाळेतल्या एकाच मुलीनं तिथे अर्ज केला होता. तिला शनिवारी दहा वाजता मुलाखतीला बोलावलं होतं, आणि खाली एक ओळ होती: शाळेनं वक्तशीरपणाला पाचपैकी दोन गुण दिले आहेत, याबद्दल शाळेचा खुलासा शुक्रवारपर्यंत यावा, नाही आला तर मुलाखत होणार नाही.

दोन गुण मीच दिले होते. ही मुलगी म्हणजे आमची सव्वाआठ. शाळा आठला भरते आणि ही सव्वाआठला फाटकाशी येते, म्हणून शिपाईमामांनी ठेवलेलं नाव. "घड्याळ लावून घ्या बाई," ते म्हणायचे, "सव्वाआठ आली." फाटकाशी उशिराची वही असते. उशीर झालेल्यानं तिथे वेळ आणि कारण लिहून सही करायची. दोन वर्षं या मुलीच्या नावापुढे एकच कारण होतं, 'झोप लागली'. मी वही उघडली, पानं चाळली आणि दोन गुण दिले. लिहिलेलं होतं, म्हणून खरं धरलं.

मी तिला बोलावून घेतलं. ती येऊन डुगडुगत्या खुर्चीवर बसली, आणि बसताना पुठ्ठा पायानं नीट आत सरकवला. असं करणारी ती पहिलीच.

मी पत्र तिच्यापुढे केलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"मग राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"शनिवारी मला तसंही जमणार नाही, बाई."

"का? पुन्हा झोप लागणार?"

बोलले आणि माझं मलाच बरं वाटलं नाही. ती पत्राची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा, मग बोटाच्या पेरानं एकच दाब. घडी सुरीनं कापल्यासारखी पडली. तेव्हा मी तिचे हात पाहिले. बोटांची टोकं गुळगुळीत, जवळजवळ रेषा नसलेली, आणि मनगटावर आडवे तांबूस चट्टे, काही जुने, काही कालपरवाचे.

"हे कशानं?"

"गरम चादरीनं." तिनं बाह्या खाली ओढल्या. "आमची लॉन्ड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी असतात."

मग एकेक करून बाहेर आलं. रोज पहाटे पाचला मशीन सुरू होतं. चादर गरम रुळांतून बाहेर येते ती लगेच दोघांनी मिळून धरायची. थंड झाली की घडी बसत नाही, आणि एकट्या माणसाला ती जमिनीला लागू न देता घालता येत नाही. जमिनीला लागली की पुन्हा धुवायची. बाबा त्या वेळेला गाडी घेऊन मळके कपडे आणायला जातात. एक टोक आईकडे, एक हिच्याकडे. पावणेआठपर्यंत दीडशे चादरी, मग धावत शाळा.

"आणि वहीत झोप लागली का लिहीत होतीस?"

"खरं लिहिलं असतं तर सगळ्यांनी 'बिचारी' म्हटलं असतं. झोपाळू बरं. झोपाळू म्हटल्यावर कोणी जुने कपडे आणून देत नाही."

मी तिचा निबंध फायलीतून बाहेर काढला.

"तुझ्या निबंधात यातलं काहीच नाही," मी म्हटलं.

"त्यात काय लिहायचं? चादरी?" ती हसली. "तुम्हीच म्हणालात, ठीक आहे, पाठव."

म्हटलं होतं खरं. तिचाही निबंध 'लहानपणापासून मला' असाच सुरू होत होता. बहुधा त्या दिवसाचा तिसावा असावा.

"वस्त्रतंत्रच का पण?"

तिनं खिडकीचा पडदा चिमटीत धरला. "हा आणखी दोन धुण्यांत फाटेल. इथे, शिवणीजवळ. वर धडधाकट दिसतो, पण आतला धागा मेलाय. मला हाताला कळतं, पण का होतं ते नाही कळत. आईला विचारलं तर म्हणते, कापडाचं आयुष्य संपलं. असं कसं संपतं? काहीतरी कारण असेलच ना."

हे तीन वर्षांत या खोलीत कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बोललंही असेल कोणी. डोळे समोरच्या मुलावर आणि मन अर्जात, असं मी ऐकत असेन.

"शनिवारी जायचंच," मी म्हटलं. "खुलासा मी लिहिते."

"बाई, शनिवारी दुप्पट चादरी असतात. सहाची बस पकडायची म्हणजे मी साडेपाचला निघणार. आईचं दुसरं टोक कोण धरणार? मावशीची कंबर धरलेली असते. माणूस ठेवू म्हटलं तर एका दिवसासाठी कोण येतो?"

"मी येते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पडद्यासारखी शिवणीजवळ उसवले आहे. "तुम्ही? तुम्ही तर म्हणे सकाळी बोलतसुद्धा नाही."

"चादर धरायला तोंड लागत नाही."

"आई ऐकणार नाही."

"तिला मी विचारते. आणि खुलाशात कारण लिहू ना?"

तिनं पत्राची घडी पुन्हा एकदा दाबली. "लिहा. पण बिचारी लिहायचं नाही. 'परिस्थितीशी झगडून' तर अजिबात नाही."

"नाही लिहिणार."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी लॉन्ड्रीत गेले. रस्त्याच्या कडेला लांबट खोली, छताला वाफेचे डाग, भिंतीशी पांढऱ्या चादरींचे कंबरेएवढे ढीग. तिची आई काउंटरमागे उभी होती. माझं म्हणणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग ढिगातली एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली.

"धरा बघू."

मी धरलं. ती मागे सरत गेली, चादर ताणली.

"ढिली. जरा अंग मागे टाका. आता उजवा हात डाव्याकडे. डावा नाही हो, उजवा. आता मी तुमच्याकडे चालत येणार, तुम्ही जागच्या हलायचं नाही. मी आले की माझी टोकं घ्यायची आणि खालची घडी मला सोडायची. खाली नाही सोडायची, माझ्या हातात सोडायची."

चौथ्या खेपेला जमलं. पहिल्या तीन चादरी जमिनीला लागल्या होत्या. तिनं त्या न बोलता पुन्हा धुण्याच्या टोपलीत टाकल्या.

"दोन वर्षं पोरीला उशिराचा शेरा मारलात," ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "कधी एकदा विचारायचं तरी."

"चुकलंच माझं."

"ती जायचीच आहे. गेल्यावर कायमचं माणूस बघावंच लागणार, ते मी बघेन. पण शनिवारी ती गेली आणि तुम्ही आला नाहीत, तर माझ्या दीडशेच्या जागी तीनशे चादरी थंड पडतील. हॉस्पिटल थांबत नाही, बाई. मोठ्या माणसांचं बोलणं असतं नुसतं, म्हणून विचारते. येणार ना नक्की?"

"येईन. फक्त बोलणार नाही. आठपर्यंत माझं मौन असतं."

"बरंच आहे," ती म्हणाली. "आमची ही बडबडून डोकं उठवते."

खुलासा लिहायला मला गुरुवारची मधली सुट्टी आणि पुढचे दोन तास लागले. 'झगडून' आपोआप बोटांवर येत होतं, तीनदा पुसलं. शेवटी राहिलं ते असं: 'वक्तशीरपणाचे गुण मी उशिराची वही पाहून दिले, मुलीला विचारलं नाही. ही चूक माझी आहे. ती रोज पहाटे पाच ते पावणेआठ घरच्या लॉन्ड्रीत काम करते. या कामाला दोन वर्षांत तिला एकदाही उशीर झालेला नाही, याची मी तिच्या आईकडून खात्री करून घेतली आहे. कापड कुठे फाटणार हे तिला हातानं कळतं. का फाटतं, ते शिकायला ती तुमच्याकडे येते आहे. तिच्या हातात एखादं कापड देऊन पाहावं.'

मुख्याध्यापिका सही करताना म्हणाल्या, "चूक माझी, असं कशाला लिहिता? शाळेचं नाव जातं."

"मग दुसरं काय लिहू?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझ्या तिसऱ्या नेमाशी त्यांचा जुना परिचय आहे. सही केली आणि म्हणाल्या, "तुमच्या देवानं तुम्हाला दुसरी नोकरी द्यायला हवी होती." पत्र शुक्रवारी सकाळी गेलं. पोचल्याची ओळ आली, बाकी काही नाही. ते काय ठरवतील ते आता त्यांच्याकडे.

शुक्रवारी शाळा सुटताना सव्वाआठ खोलीच्या दाराशी थांबली. "आई म्हणाली बांगड्या घालून येऊ नका, चादरीत अडकतात. आणि बूट घाला, फरशी ओली असते." मग जरा घुटमळून, "तुम्ही नाही आलात तरी मी रागावणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"बस सहाचीच ना?" मी विचारलं.

"सहाची."

"मग तू बसचं बघ."

शनिवारी मी नेहमीपेक्षा दीड तास आधी उठले. जप झाला. पाठ आदल्या दिवशीपासूनच दुखत होती. एकशे सदतीसपैकी एकसष्ट पत्रं अजून लिहायची होती, आणि ती सोमवारीही तिथेच असणार होती. बांगड्या काढून देवाजवळच्या वाटीत ठेवल्या. सासूबाई उठून बसल्या होत्या.

"अगं, एवढ्या लवकर कुठे? आज शाळेला सुट्टी ना?"

मी पाटी घेऊन लिहिलं: चादरींच्या घड्या घालायला.

त्यांनी पाटी लांब धरून वाचली. पुन्हा वाचली. "घरातल्या चादरींनी तुझं काय घोडं मारलंय?" म्हणाल्या, पण उठल्या, आणि दाराशी ठेवलेले माझे बूट पायानंच सरळ करून दिले.

निघताना पर्स उघडली. शाळेतून आणलेल्या बोथट पेन्सिली तळाशी होत्या, सोमवारपासून पुन्हा एकेका मुलाच्या हातात द्यायच्या म्हणून रबरबँड लावून ठेवलेल्या. त्या तशाच राहू दिल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि लॉन्ड्रीच्या रस्त्याला लागले.