शहाद्यातलं खारं पाणी

नवनीतची सुरतला बदली झाली, तेव्हा त्याने कपड्यांची बॅग उचलली आणि समुद्र रोहिणीच्या गळ्यात मारला.

समुद्र म्हणजे हॉलमधली काचेची मोठी टाकी. शहाद्यात लोक म्हशी पाळतात, फार तर पोपट. नवनीतने खाऱ्या पाण्यातले मासे पाळले होते. समुद्री मिठाच्या पिशव्या, खडबडीत दगड आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी, सगळं सुरतहून आलेलं. जाताना तो म्हणाला, "काही नाही गं. चिमूटभर खाणं टाकायचं आणि आटलेलं पाणी बोरच्या नळाने भरायचं. बस."

मार्च सरला, ऊन तापलं, टाकीतलं पाणी भराभर आटू लागलं. रोहिणी रोज बादलीने भरायची. आधी काचेवर तपकिरी थर आला. मग दगडांवर हिरवे केस उगवले. केसच ते; पाण्यात हलायचे, पंपाच्या जाळीत गुंतायचे. ती लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून दमून घरी यायची, साडीचा पदर खोचून काच घासायची, आणि दोन दिवसांत काच पुन्हा हिरवी.

रोज संध्याकाळी नवनीतचा व्हिडिओ कॉल यायचा.

"कॅमेरा जरा टाकीकडे कर. अगं, लाइट कमी कर."

"केलाय."

"खाणं जास्त होत असेल."

"तुम्ही सांगितलं त्याच्या निम्मं टाकते."

"मग नीट घासत नसशील."

रोहिणीने फोन पालथा ठेवला.

सासूबाई, शोभाबाई, सोफ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. रोहिणी नाशिकची, सासूबाईंशी ती मराठीत बोलायची, त्या तिच्याशी अहिराणीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

"माले ते मासाच दखाई नही ऱ्हायनात वं," त्या म्हणाल्या. "त्याले सांग, आठे ये नि तूच घास."

नवनीत आला नाही. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी पाठवल्या. त्यातल्या निम्म्या प्रवासातच मेल्या. उरलेल्यांतली एक टाकीतून चढून बाहेर पडली आणि शोभाबाईंच्या चपलेत सापडली. त्या दिवशी कॉलनीभर आरडाओरडा ऐकू गेला. नवनीतला कळवलं तर तो हसत सुटला. रोहिणीला हसू आलं नाही. चपलेतली ती ओली गोगलगाय कागदावर उचलताना तिला रडायला येत होतं, आणि एका गोगलगायीपायी रडायला येतंय याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती पाण्यातल्या क्षारांवर शिकवत होती. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, असं फळ्यावर लिहिता लिहिता तिचा खडू थांबला.

घरी येऊन तिने दोन बाटल्या भरल्या, एक टाकीतल्या पाण्याची, एक बोरच्या. कॉलेजच्या लॅबमध्ये तपासल्या. बोरच्या पाण्यात नायट्रेट भरपूर निघालं. टाकीत त्याच्या कितीतरी पट. चहूबाजूंनी केळी आणि ऊस. शेतात टाकलेला युरिया झिरपत बोरमध्ये येणार नाही तर कुठे जाणार? ती रोज बादलीने शेवाळाला खत घालत होती.

"आपल्या बोरचं पाणी?" नवनीत फोनवर दुखावल्यासारखा म्हणाला. "लहानपणापासून प्यायलो ते मी!"

"आता आपण फिल्टरचं पितो. माशांना तेवढं बोरचं!"

"आपलं बोरनं पानी गोड शे," मागून शोभाबाईंनीही लेकाची बाजू घेतली.

"गोडच आहे, आई. शेवाळालाही गोड लागतं."

तिने कोणाची परवानगी घेतली नाही. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पाणी साठवलं, त्यात समुद्री मीठ कालवलं आणि दर रविवारी टाकीतलं थोडं थोडं पाणी बदलू लागली. कोपरापर्यंत हात बुडवून दगडांवरचे केस मुठीने उपटायचे, उरलेले जुन्या टूथब्रशने घासायचे. बोटांना भेगा पडल्या, मिठाने झोंबल्या. शेवाळ लगेच हटलं नाही. पण पुन्हा उगवायचं ते आधीपेक्षा विरळ. पावसाळा संपता संपता दगडांचा मूळचा जांभळा रंग दिसू लागला. शोभाबाई दुपारी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायला लागल्या.

दिवाळीला नवनीत आला. शेजारचे चुनीलालभाऊ फराळाला आले, तर तो त्यांना टाकीजवळ घेऊन गेला. "शेवाळाचा फार त्रास होता. मी रोज फोनवर सांगायचो, लाइट कमी कर, खाणं कमी कर. शेवटी आलं आटोक्यात."

रोहिणी चकल्यांचं ताट हातात घेऊन तिथेच उभी होती. रविवारी सकाळी तिने नवनीतपुढे बादली, नळी आणि टूथब्रश ठेवला.

"मागच्या दगडावर थोडं राहिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे कसं काढायचं."

आणि आत जाऊन झोपली.

दुपारी उठली तेव्हा हॉलमध्ये पाणी सांडलेलं होतं, नवनीतचा सदरा काखेपर्यंत भिजलेला, आणि तो कंबर धरून जमिनीवर बसला होता. मागचा दगड अजून अर्धा हिरवा होता.

"तू हे दर रविवारी करायचीस?"

"घासत नव्हते ना नीट, म्हणून वेळ लागायचा."

सोफ्यावरून शोभाबाई खळखळून हसल्या. नवनीत ओशाळला. जरा वेळाने त्याने रिकामी बादली उचलली, नळापर्यंत गेला आणि थांबून विचारलं, "पाणी कुठलं घ्यायचं?"

"फिल्टरचं," रोहिणी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.