गेणभाऊंचं शर्टजाकीट

अवसरी खुर्दच्या चौकात जयवंत टेलरचं दुकान चाळीस वर्षांचं. पुढच्या भागात पुरुषांचे शर्ट-पँट, आणि पडद्यामागे त्यांची लेक प्रतीक्षा, तिचे ब्लाऊज नि पंजाबी ड्रेस. आता बाबांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्यांनी पुढची जागा एका मोबाईलवाल्याला द्यायचं ठरवलं. प्रतीक्षाने ऐकलं आणि पडदा बाजूला सारून सरळ सांगितलं, "पुढची जागा मला पायजे. जेन्ट्स मी शिवीन."

"बाईकडं माप द्यायला कोण येतंय गं?" बाबा म्हणाले.

लेक हटेना. शेवटी बाबांनी अट घातली. एकच कपडा शिवायचा, पण अवसरी बुद्रुकच्या गेणभाऊंचा. त्यांनी खोड न काढता घातला तर जागा तिची, नाहीतर एक तारखेपासून मोबाईलवाल्याची.

गेणभाऊ म्हणजे खोड काढण्यात पंचक्रोशीत पहिला नंबर. देवाने आंबा दिला तर कोय मोठी म्हणतील. त्यांची मुलगी अश्विनी पुण्यात कंपनीत होती आणि शनिवारी कंपनीने सगळ्यांच्या आईवडिलांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. तिने आईच्या मोबाईलवर एक फोटो धाडला: शर्टाची कॉलर, शर्टाचीच बटणं, पण कापड जाड, आणि आतल्या शर्टावर घालायचं. धड शर्ट नाही, धड कोट नाही. कॉलेजची पोरं थंडीत असली शर्टजाकिटं घालून चौकात चहा पीत असतात, ते गेणभाऊंनी पाहिलं होतं. लेकीचा शब्द मोडायचा नाही म्हणून तयार झाले, पण बाई टेप लावणार म्हटल्यावर स्वतः आलेच नाहीत. पिशवीत घालून मापाचा शर्ट पाठवून दिला.

आपल्याकडे ही पद्धतच आहे. माप द्यायला माणूस येत नाही, शर्ट येतो.

"माप आलंय. दोन बोटं सैल धर नि काप," बाबा म्हणाले.

प्रतीक्षाने शर्ट उलगडला. डांबरगोळीचा वास आला. कॉलर कोरी, कोपरं कोरी, घड्या सुरीसारख्या. तिने खडू खाली ठेवला. "बाबा, हा शर्ट नवाच्या नवा का ऱ्हायला?"

"चांगला हाये म्हणून. लोक मापाला चांगलाच देत्यात. गेणभाऊचा साखरपुड्यातला हाये, मीच शिवलेला. दरवेळी ह्योच येतो."

"चांगला न्हाई, बाबा. अंगाला व्हत न्हाई, म्हणून फाटला न्हाई."

बाबांनी चष्मा पुसला आणि शर्टाची काख निरखून पाहिली. प्रतीक्षाने स्कूटी काढली ती थेट गेणभाऊंच्या घरी. गेणभाऊ मळ्यात होते. त्यांची बायको धोंडाबाई अंगणात दोरीवर कपडे टाकत होती.

"काकू, काकांचा मळ्यातला शर्ट दाखवा. रोजचा."

"अगं बया, त्यो कशाला? ठिगळं बघून हसशील."

प्रतीक्षा हसली नाही. दोन्ही काखांत निराळ्या कापडाची वीतभर लांब ठिगळं होती. धोंडाबाई म्हणाली, "सगळे शर्ट काखंतच फाटत्यात. मग मी आपली पट्टी घालून देते, म्हंजी हात वर व्हतो." प्रतीक्षाने टेप काढला आणि ठिगळांसकट माप घेतलं. जयवंत टेलरने चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं, ते गेणभाऊंचं खरं माप या बाईने हातशिलाईने लिहून ठेवलं होतं.

अश्विनीने धाडलेला फोटोही धोंडाबाईने दाखवला, त्यात मोठ्या चौकड्या होत्या. प्रतीक्षाने त्या नाकारल्या. चौकड्या पोरांना शोभतात, गेणभाऊंच्या उन्हाने रापलेल्या रंगाला साधा शेवाळी रंग उठून दिसेल, याची तिला खात्री होती. कापड जाड सुती. छातीवर झाकणाचे दोन खिसे. लांबी पँटच्या खिशाच्या तोंडापर्यंत, त्याखाली गेली की माणूस बुटका दिसतो. आत शर्ट असणार म्हणून छातीला चार इंच सैल.

शुक्रवारी संध्याकाळी गेणभाऊ आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. जाकीट चढवून त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावून टाकली.

"उघडी ठेवा, काका."

"उघड्या छातीनं पुण्याला जाऊ व्हय?"

"आत शर्ट हाये की! त्यो दिसला पायजे." तिने बाहीची एक घडी घालून दाखवली. "आसं. घड्याळ दिसतं. टोपी ऱ्हाऊ द्या, लई झ्याक दिसती."

गेणभाऊ आरशापुढे उभे राहिले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. शिवण ओढून पाहिली. मग दोन्ही हात एकदम वर केले, पोतं खांद्यावर घेतात तसे. प्रतीक्षा काखेच्या शिवणीकडे बघत राहिली. कुठेच टर्र झालं नाही. त्यांनी पुन्हा हात वर केले, तिसऱ्यांदाही केले, आणि बाबांकडे वळले.

"जयवंता, चाळीस वरसं तुझे शर्ट फाडले मी. मला वाटायचं, आपलंच अंग वंगाळ. आरं, तू मला अजून साखरपुड्यात उभा करून ठेवला व्हता, राव!"

प्रतीक्षाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला बाबांकडे बघवेना. चाळीस वर्षं ज्यांनी गावाला कपडे घातले, त्यांना तिच्यामुळे भर दुकानात ऐकून घ्यावं लागलं, हे तिला फार लागलं.

"बाबा, त्यांनी खोड काढली," ती हळूच म्हणाली.

"काढली. माझी काढली. तुझी न्हाई." बाबांनी मोबाईलवाल्याला फोन लावला. "पावणं, जागा दिली मी. व्हय, लेकीला दिली." फोन खिशात टाकला, उठले, आणि तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"घे माझं बी माप. आसलंच एक शीव."

"तुमाला कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. हितंच बसायचंय. पर मालकीण नवी नि बाप जुन्या शर्टात, बरं दिसंल का ते?"

प्रतीक्षाने टेप त्यांच्या छातीभोवती घेतला. बाबा आजवर शेकडो जणांना म्हणाले असतील ते तिने त्यांना म्हटलं, "पोट आत ओढू नका." आणि गेणभाऊ, उद्याचं पुणं विसरून, हसत बाकावर बसले.