बेचाळिसावी ओळ

रविवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा दीपमाला गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"मॅडम, धर्मराज बोलून राह्यलो. तीर्थपुरीहून. मोटर रिवायंडिंगवाला."

"बोला काका, ओळखलं."

न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. 'गोष्टीचे गेम' या तिच्या टेलिग्राम ग्रुपवर सहाशे चाळीस माणसं होती आणि त्यांत अठ्ठावन्न वर्षांचे एकटे धर्मराजच. भाचा पुण्याला जाताना जुना लॅपटॉप मागे ठेवून गेला होता. नव्याने तार भरलेल्या मोटरींचं वॉर्निश वाळेपर्यंत दुकानात बसून ते त्यावर खेळायचे.

दीपमाला जालन्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात संगणक शिकवायची आणि तिथेच मस्तगड भागात आईसोबत राहायची. ग्रुप तिने तीन वर्षांपूर्वी काढला. गोळीबाराचे, गाड्या पळवायचे गेम तिथे चालत नसत. ज्यात गोष्ट आहे, माणसं आहेत, आणि खेळणारा जे ठरवेल त्यावर पुढचं घडतं, तेवढेच गेम. दर पंधरा दिवसांनी ती एका गेमवर मत लिहायची आणि पाचपैकी गुण द्यायची. शिवाय खेळता खेळता समोर येणारे इंग्रजी संवाद मराठीत उतरवून, ओळींना नंबर घालून त्याची फाईल ग्रुपवर टाकायची. लोक लॅपटॉपवर गेम लावायचे आणि शेजारी मोबाईलवर तिची फाईल उघडी ठेवायचे.

तिचा एक नियम होता आणि तो ग्रुपच्या माथ्यावरच लिहिलेला होता: दोनदा खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही. त्यामुळे तिचा शब्द चालायचा. राजूरला प्रसादाचं दुकान असलेला भागवत तर म्हणायचा, "मॅडमनं दोन गुण दिले म्हणजे डाउनलोडचा नेट वाचला."

'कोल्ड ऑर्चर्ड'ला तिने दोनच दिले होते.

"त्या सफरचंदाच्या बागेवाल्या गेमबद्दल विचारायचं व्हतं," धर्मराज म्हणाले.

"तो अजून खेळताय? दोन तासांचा तर गेम आहे."

"पाचव्यांदा लावलाय. पोरगं येतच न्हाई ना, मॅडम."

गेमची गोष्ट साधी होती. बर्फाळ डोंगरावर एक म्हातारा आणि त्याचा मुलगा. एके सकाळी मुलगा बॅग भरून दारात उभा राहतो, निरोप घेतो आणि जातो. मग म्हातारा हिवाळाभर झाडं छाटतो, सरपण फोडतो, वसंतात फाटक उघडं ठेवतो, आणि पडदा काळा होतो. बस. दीपमालाने लिहिलं होतं, 'सुरुवात सुंदर. पण लेखकाला शेवट जमलेला नाही. मुलगा का गेला, बापाच्या मनात काय होतं, काहीच हाती लागत नाही. अर्धा गेम विकल्यासारखं वाटतं.' त्याखाली दोन महिने चर्चा चालली होती. 'येतो' म्हणून गेलेला मुलगा खोटारडा आहे यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं.

"काका, तो येत नाही. गेम तिथेच संपतो."

"संपत न्हाई. तुमच्या फाईलमदीच दिसून राह्यलं." कागद उलटल्याचा आवाज आला. त्यांनी फाईल छापून घेतली होती. "एक्केचाळीस नंबर, पोरगं म्हणतं, 'येतो, बाबा.' मंग दोन बटनं. बेचाळीस, 'ये.' त्रेचाळीस, 'थांब.' बराबर?"

"बरोबर."

"आता बाकी समद्या बटनांचं पुढं कायतरी हे. नव्वद ओळी हायेत, मी एक एक लावून पाह्यली. ह्या त्रेचाळीसचं पुढं कायीच न्हाई. मॅडम, मोटरमदी एक वायर अशी सुटी राह्यली तर मोटर फिरत न्हाई. फिरली तरी जळती."

दीपमालाच्या हातात ओली साडी तशीच राहिली.

"तुम्ही दाबून पाहिलं का ते?"

"मी?" धर्मराज हसले. "बाहेर निघालेल्या माणसाला थांब कसं म्हणावं? अपशकुन करायचा का पोराला? येतो म्हणलं की ये म्हणायचं. पाचीबी टायमाला तेच दाबलं. पर तुम्ही दाबलंच असंन ना. तुम्ही दोनदा खेळता."

ती म्हणाली, "पाहून सांगते, काका." आणि खाली आली.

लॅपटॉप उघडताना तिला दोन्ही वेळा आठवल्या. दुसऱ्या खेपेला ती मुद्दाम सगळे निर्णय उलटे घ्यायची. या गेममध्येही घेतले होते. पहिल्यांदा कुत्रा ठेवला, दुसऱ्यांदा सोडून दिला. पहिल्यांदा जुनं झाड तोडलं, दुसऱ्यांदा राखलं. पण दारातलं ते बटण तिला निर्णय वाटलंच नव्हतं. मुलगा येतो म्हणाला, बाप ये म्हणाला. पुढे जाण्यासाठी 'ओके' दाबावं तसं तिने ते दाबलं होतं. दोन्ही वेळा.

तिने तो प्रसंग पुन्हा लावला. मुलगा दारात आला. पडद्यावर इंग्रजीत शब्द उमटले, आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने ते जसे होते तसे वाचले. मुलगा येतो म्हणत नव्हता. तो म्हणत होता, जातोय. आणि बापापुढची दोन उत्तरं होती, 'जा मग' आणि 'थांब'.

ती भाषांतर करताना चुकली नव्हती. ती वाचतानाच चुकली होती. घरातून निघणारा जे म्हणतो ते डोळ्यांनी आपसूक वाचलं होतं, आणि त्याला जे उत्तर देतात ते हातांनी टाईप केलं होतं.

तिने 'थांब' दाबलं.

मुलगा थांबला. खुर्चीवर बसला, बॅग मांडीवर तशीच. मग तो म्हणाला, "आईच्या वाट्याची बाग का विकलीस?"

दुपारी विहारातून आई आली तेव्हा दीपमाला जेवलेली नव्हती. प्रभावतीबाईंनी ताट आणून टेबलावर ठेवलं आणि थोडा वेळ मागे उभ्या राहून पाहिलं. पडद्यावर बापलेक एकाच झाडाच्या दोन बाजूंनी फांद्या छाटत होते.

"परीक्षेचे पेपर तपासायचेत म्हणत व्हतीस ना?"

"हो. हेही तपासणंच चाललंय."

गेम संपला तेव्हा चार तास होऊन गेले होते. मुलगा शेवटी जातोच. पण बाप त्याला स्टेशनापर्यंत पोचवायला जातो, आणि त्या वाटेवर दोघं जे बोलतात तसं लेखन तिने कुठल्या गेममध्ये वाचलं नव्हतं. त्या लेखकाला शेवट जमलेला नाही, असं ती सहाशे चाळीस जणांना सांगून बसली होती.

तिने संध्याला फोन केला. संध्या तिच्याच कॉलेजात मराठी शिकवायची आणि ग्रुपचं अर्धं काम पाहायची. सगळं ऐकून तिने सरळ उपाय सांगितला.

"फाईल बदल. 'सुधारित आवृत्ती' लिही, चार तासांचं वाढव. गुण वाढव. कोण विचारणारे?"

"दोन महिने लोक त्या मुलाला खोटारडा म्हणतायत. तो खोटं बोललाच नव्हता. ते वाक्य माझं होतं."

"अगं, गेममधला मुलगा आहे तो. त्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत."

"हे बघ दीपे," संध्याचा आवाज खाली आला, "लोक तुझ्याकडे येतात ते तू दोनदा खेळतेस म्हणून. एकदा का कळलं की मॅडमने बटणच दाबलं नव्हतं, तर मागच्या सत्तर गेमचंही विचारतील. भागवत सगळ्यात आधी विचारील. सोड. चुपचाप बदल."

संध्याचं चूक नव्हतं, म्हणूनच दीपमाला फोन ठेवून बराच वेळ बसून राहिली. ग्रुपला तिच्याकडून मिळत होतं ते एवढंच, की तिने सांगितलेलं पुन्हा तपासावं लागत नाही. ते गेलं तर बाकी काय, मराठीत टाईप केलेल्या ओळी.

चहा घेऊन तिने धर्मराजांना फोन लावला. त्यांना आधी सांगायला हवं होतं.

"वायर सुटीच होती, काका. त्रेचाळीसच्या पुढे चार तासांची गोष्ट आहे. मी दाबलं नव्हतं."

"तुम्हीबी न्हाई?" त्यांच्या आवाजात चकित होण्यापेक्षा समाधान जास्त होतं. "मंग बराबर. कोनच दाबनार न्हाई."

तिने मूळ शब्द सांगितले. दुकानात कुणीतरी पंप कधी मिळणार म्हणून विचारत होतं. त्याला त्यांनी "उद्या, उद्या" म्हणून वाटेला लावलं.

"म्हंजे बाप म्हणला, जा?"

"बटण दाबलं तर म्हणतो."

"अन् मी पाच टायमाला दाबलं." कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. "मी म्हणलं मी चांगला बाप हे. फाटक उघडं ठेवून राह्यलो."

"चूक माझी आहे काका. नवीन फाईल करते. एक्केचाळीसला 'जातो' आणि बेचाळीसला 'जा मग'."

"एक्केचाळीसला हात लावू नका."

"का? मूळ तसं आहे."

"मूळ तिकडचं असंन. आपल्याकडचं पोरगं कायमचं निघालं तरी 'येतो'च म्हणंन. माझा भाचा म्हणला, गल्लीतली समदी पोरं म्हणली. जातो म्हणून कोनी गेल्तं का? येतो राहू द्या. बापाचं तेवढं बदला. 'येतो' म्हणल्यावर समोर 'जा' आलं की माणूस बिचकतंय. बटनावर बोट ठेवून इचार करतंय."

दीपमालाने ते कागदावर लिहून पाहिलं. येतो, बाबा. जा मग. थांब. यातलं 'जा मग'चं बटण आता कुणाच्याने सहज दाबवणार नव्हतं. लेखकाला नेमकं तेच हवं असणार, असं तिला वाटलं. पण आता लेखकाला काय हवं होतं याबद्दल ठामपणे बोलायची तिची तयारी नव्हती.

"तुमचं नाव घालू का फाईलवर?"

"घाला की. धर्मराज रिवायंडिंग वर्क्स घाला. गिऱ्हाईक वाढंन."

साडेसहाला तिने ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडून शेवटी सात वाक्यं राहिली. 'कोल्ड ऑर्चर्डला मी दिलेले दोन गुण मागे घेते. दारातल्या प्रसंगात मी दोन्ही वेळा एकच बटण दाबलं, त्यामुळे गेमचा मोठा भाग पाहिलाच नाही, आणि न पाहता लेखकाला दोष दिला. एक्केचाळीसला मुलगा मुळात जातोय म्हणतो, आणि बेचाळिसाव्या ओळीचं माझं भाषांतर चुकीचं होतं; मुलाबद्दलची आपली सगळी चर्चा या दोन ओळींवर उभी होती. चूक धर्मराज काकांनी शोधली. नवी फाईल जोडली आहे. जमल्यास पुन्हा खेळा. शक्यतो माझं मत न वाचता.' शेवटी गुणांची जागा तिने रिकामी ठेवली.

पाच मिनिटांत ग्रुपवरची माणसं सहाशे चाळीसची सहाशे एकतीस झाली, मग सहाशे सत्तावीस. संध्याने नुसता अंगठा टाकला. मग भागवत टाईप करताना दिसू लागला, थांबला, पुन्हा दिसू लागला.

'म्हणजे मॅडम, तुम्ही हा गेम नीट खेळलाच नव्हता का?'

दीपमालाने उत्तर लिहिलं.

'नव्हता.'