मोकळ्या तारेचा कौल

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांशीही चेहरे दाटले होते. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका साध्या दिव्यावर खिळले होते. दिवा लागला की दिवंगत अण्णा ‘हो’ म्हणतात आणि लागला नाही की ‘नाही’, असे अलीकडे घरी येऊ लागलेल्या एका महाराजांनी सांगितले होते. अण्णांनी हौसेने घरी जुळवलेला तो दिवा तीन महिन्यांत गल्लीचे दैवत झाला होता.

अण्णांची थोरली मुलगी दाराशी उभी राहून सारखी घड्याळ पाहत होती. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. उद्या सकाळी आठला आईला काचबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करायचे होते. या रोगात गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि आई इथे दिव्याला विचारत बसली होती.

“माउली, आत्मा म्हणजे लहरी,” महाराज म्हणाले. “विज्ञान अजून रांगतंय. आत्म्याचं वायफाय केव्हापासून चालू आहे.” त्यांनी शालीआडून डावा हात टेबलाच्या धातूच्या पट्टीवर टेकवला. “अण्णा, शस्त्रक्रिया टाळावी ना?”

दिवा थरथरत लागला. आईने हात जोडले.

“मग माझं नेत्रजलच चालू ठेवा. दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ.”

थोरलीने बल्ब आणि बाहेरचे वायरिंग सकाळीच तपासले होते. कशातच दोष नव्हता. आता मात्र तिची नजर त्या शालीवर अडकली. मघाशी दोन प्रश्नांना दिवा लागला नव्हता, तेव्हा महाराजांचा हात मांडीवर होता.

“महाराज, हात मांडीवर ठेवून विचारता का?”

“हात हे माध्यम आहे, बाळ.”

“मग माझाही चालेल.” ती गर्दीतून पुढे घुसली आणि तिने पट्टीवर तळवा ठेवला. “अण्णा, हे आईला फसवताहेत का?”

दिवा लागला. कुणीतरी फिसकन हसले.

“रक्ताचं नातं आहे, म्हणून उत्तर आलं,” महाराजांनी सावरून घेतले.

“काकू, तुम्ही या. तुमचं तर काही नातं नाही.”

शेजारच्या शिंपीणकाकूंनी बिचकत हात टेकवला. “अण्णा, मी बारीक झालेय का हो?”

दिवा लागला.

“आता मात्र मी आत्मा मानते,” काकू म्हणाल्या आणि खोलीभर हशा पिकला.

थोरलीने टेबलाखालची डबी उघडली. आतून निघालेल्या एका तारेचे टोक मोकळेच होते आणि ते पट्टीला चिकटले होते. “इथं पूर्वी बटण होतं. ते काढल्यावर ही तार अधांतरी राहिली. घरातल्या विजेचा अगदी बारीक अंश आपल्या अंगात उतरतो. पट्टीला हात लागला की तो या तारेत जातो आणि आतल्या चिपला वाटतं, बटण दाबलं. सांत्वनाला आलेल्या महाराजांचा हात एकदा चुकून टेकला असेल. नंतर चुकून नाही.”

तिने खिशातला तांदळाएवढा रोधक, म्हणजे रेझिस्टर, तारेपासून डबीतल्या ‘ग्राउंड’पर्यंत जोडला. “आता हा अंश ग्राउंडमध्ये निघून जाईल, चिप फसणार नाही. टेकवा हात.”

महाराजांनी टेकवला. दिवा ढिम्म राहिला. त्यांनी शाल सावरली आणि चपला शोधायला ते उठले.

“हात लावून बघा, काढून बघा, दुसऱ्याचा लावून बघा,” थोरली लोकांना म्हणाली. “एवढं केल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर आपले डोळे सोपवू नका.”

“म्हणजे ते बोलतच नव्हते?” आईने दिव्याकडे पाहत हळूच विचारले.

डबीचे झाकण लावताना थोरलीला आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. तिने तो आईच्या हातात दिला. आईने तो डोळ्यांसमोर डावीउजवीकडे सरकवत, उरलेल्या नजरेच्या तुकड्यात एकेक शब्द पकडला:

‘बटण दुरुस्तीला काढलंय. रोधक लावायचा राहिलाय. तोवर दिव्याचं खरं मानू नये.’

“अक्षर त्यांचंच आहे,” आई म्हणाली. तिने कागदाची नीट घडी घातली. “आठला ना उद्या? चल, पिशवी भरायचीय.”